दिवे मालवल्यावर

वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी आमच्या शहापूरच्या घरात दिवे लावायचे नसत. बेळगावचे हे जुने उपनगर एकेकाळी सांगली संस्थानात होते आणि आमचे घर त्या काळातले, म्हणजे मातीच्या भिंतींचे, कौलारू, पुढे सोपा आणि मागे परडे असे. पाऊस दुपारी चारच्या सुमाराला गडगडत यायचा आणि अंगणातली धूळ बसवून तासाभरात निघून जायचा. मग आभाळ निवळायचे. मातीचा वास अजून हवेत असतानाच, सातच्या आगेमागे, सोप्यातल्या चाळीसच्या दिव्याभोवती पहिले पाखरू घिरटी घालू लागायचे. दिव्याच्या पत्र्याच्या टोपीवर त्याचे पंख आपटल्याचा बारीक आवाज यायचा. आई स्वयंपाकघरातून न बघताच म्हणायची, "दिवे मालवा."

दिवे मालवले जात. चुलीतले निखारे राखेने झाकले जात. परड्यात, विहिरीच्या कठड्यापासून जरा दूर, एक कंदील विटेवर ठेवून त्याच्याखाली पाण्याने भरलेली परात सरकवली जाई. घरात शिरू पाहणारा तो सगळा पंखांचा लोंढा मग वळून तिकडे जाई. आम्ही सोप्यात भिंतीला पाठी लावून बसत असू. अर्धा तास, कधी पाऊण तास. डोळ्यांना काही दिसत नसे. फक्त परड्यातून येणारी सळसळ, वाळलेल्या पानांच्या ढिगात कुणी हात फिरवावा तशी, ऐकू येई.

त्या अर्ध्या तासात आमच्या घरातल्या अवघड गोष्टी बोलल्या जात. वडिलांचे सुताचे लहानसे दुकान होते. शहापूर-वडगावच्या मागांना ते सूत पुरवीत. दुकान बंद करायचे ठरले हे त्यांनी आम्हा मुलांना सांगितले ते अशाच एका संध्याकाळी. ताईचे जमत आलेले लग्न मोडले, तेही तिला अंधारातच कळले. तिचा चेहरा आम्हाला दिसला नाही आणि आमचे चेहरे तिला दिसले नाहीत. दिवा लागला तेव्हा ती उठून ताटे मांडू लागली होती. आता वाटते, वडील या गोष्टी मनात धरून वळवाची वाट पाहत असावेत. वर्षातून एक-दोनदाच मिळणारी ही सोय होती आणि ते ती वाया घालवीत नसत.

आम्ही त्यांना नुसते 'पाखरे' म्हणत असू. पुस्तकी मराठीत त्यांना पंखाच्या मुंग्या म्हणतात आणि मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, ही म्हण त्यांच्यावरूनच पडली असावी. पण ही मुंगी नव्हे. खऱ्या मुंग्यांनाही पंख फुटतात आणि त्याही उडतात, पण मुंगीची कंबर सुईने बांधल्यासारखी बारीक असते, तिची मिशी कोपरात वाकलेली असते आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वळवानंतर दिव्यावर झेपावणाऱ्या पाखराचे चारही पंख सारख्या लांबीचे, देहापेक्षा लांब, कंबर जाड, मिशी मण्यांच्या माळेसारखी सरळ. ही वाळवी. मुंगीशी तिचे नाते दूरचे आहे. प्राणिशास्त्रज्ञ पूर्वी तिला स्वतंत्र गणात बसवीत. २००७ च्या सुमाराला जनुकांच्या अभ्यासाने असे दाखवून दिले की ती झुरळांच्याच घराण्यातली आहे. हे वाचले तेव्हा मला थोडे वाईट वाटले. लहानपणीच्या एखाद्या आठवणीचा नातलग झुरळ निघावा हे काही सुखाचे नाही.

वारुळातली कामकरी वाळवी आंधळी असते. ती उजेड टाळते. जिथे जायचे तिथे मातीची नळी बांधत, त्या नळीच्या आतून जाते. तिने कुरतडून आणलेले लाकूड-पाचोळा आपल्याकडची वारूळवाली वाळवी थेट पचवीत नाही. वारुळाच्या पोटात त्यावर ती बुरशीची शेती करते आणि ती शेती खाते. या सगळ्या अंधारातल्या संसारात वर्षातून एकदा डोळे असलेली, पंख असलेली एक पिढी निपजते आणि तिला दारातच थांबवून ठेवलेले असते. पाऊस पडला, हवा ओली आणि निश्चल झाली, म्हणजे कामकरी वाळवी वारुळाला भोके पाडते, सैनिक त्या तोंडांशी उभे राहतात आणि ही पिढी बाहेर पडते. नवल असे की, आसपासची सगळी वारुळे एकाच संध्याकाळी उघडतात. एका वारुळातल्या पाखराला दुसऱ्या वारुळातला जोडीदार मिळावा एवढ्यासाठी ही वेळ गाठलेली असते. उड्डाण फार तर काही मिनिटांचे. जमिनीवर उतरले की पाखरू अंग झटकते आणि पंख गळून पडतात. त्यांच्या मुळाशी तुटण्याची रेघ जन्मतःच आखलेली असते. मग मादी पुढे, नर तिच्या पाठोपाठ, अशी जोडी ओली भेग शोधत धावते, आत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. मुंग्यांचा नर मीलनानंतर मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीजवळ जन्मभर राहतो. अर्थात हे भाग्य हजारांतून एखाद्या जोडीचे. बाकीच्यांना घारी, कावळे, कोतवाल, बेडूक आणि भिंतीवरच्या पाली वाटून घेतात. आणि दिवे.

शतपथ ब्राह्मणात यांची एक गोष्ट आहे. यज्ञाचे यश एकट्याने घेऊन विष्णू धनुष्याच्या टोकावर हनुवटी टेकून उभा असतो आणि देवांना त्याच्याजवळ जाता येत नाही. तेव्हा वम्री, म्हणजे उपदीका, विचारतात की दोरी कुरतडली तर आम्हाला काय द्याल? देव कबूल करतात की अन्न मिळेल आणि वाळवंटातही पाणी सापडेल. दोरी तुटते, धनुष्य सुटते आणि विष्णूचे मस्तक उडते. एवढ्या मोठ्या घटनेसाठी ठरलेली मजुरी किती लहान, अन्न आणि पाणी! पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूगर्भातल्या पाण्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत वारूळ वारंवार येते. अमुक झाडाच्या अमुक दिशेला वारूळ असेल तर इतक्या खोलीवर पाणी, असे त्याचे हिशेब आहेत. देवांनी दिलेला शब्द निदान शास्त्रकाराने तरी लक्षात ठेवला होता. आमच्या परड्यातही विहिरीच्या मागे, शेवग्याच्या बुंध्याला टेकून एक वारूळ होते. नागपंचमीला गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन तिथे येत. ते वाळवीचे आहे, नागाचे नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण आयत्या बिळात येऊन बसणाऱ्यालाच आपल्याकडे पूजेचा मान असतो.

आईला बेळगावहून बेंगळुरूला आणले ते २०१९ साली. त्या ऑगस्टमध्ये बेळगावात अतोनात पाऊस झाला आणि घराची मागची भिंत खचली. वडील २०११ मध्येच गेले होते. भिंत मी बांधून घेतली, पण आईला तिथे एकटे ठेवण्याचा धीर झाला नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी उतरलो. तिच्याबरोबर एक सागवानी पेटी, एक कंदील आणि साडीच्या पदराला बांधलेली घराची किल्ली होती. ती वाटेत एकदा म्हणाली, "बेळगाव काय, बेळ्ळंदूर काय, 'बेळ' तेवढं दोन्हीकडं." तिला कानडी उत्तम येते. शहापुरात जन्म काढलेल्या बाईला ती येणारच.

आमचे बिऱ्हाड बेळ्ळंदूरला, तळमजल्यावर. आईच्या गुडघ्यांसाठीच तळमजला घेतला. पूर्वी इथे शेते होती. बेंगळुरूतले सर्वांत मोठे तळे या गावाचे. सुमारे नऊशे एकरांचे. दुसऱ्या महायुद्धात पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमाने या तळ्यावर उतरत आणि दुरुस्तीसाठी जवळच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात नेली जात. पुढे शहराचे सांडपाणी तळ्यात येऊ लागले, २००७ साली गाव महानगरपालिकेत आले, शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तळ्यावर फेस येऊ लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तळ्याला आग लागली. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा लागली आणि ती विझवायला लष्कराच्या जवानांना यावे लागले. हे मी आईला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. शेवटी छायाचित्रे दाखवली. बराच वेळ बघून ती म्हणाली, "पाण्यानं आग विझवायची असती. पाणीच पेटलं तर काय ओतायचं?"

इथला पहिला पाखरांचा पाऊस २०२० च्या उन्हाळ्यात. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरात. बायकोची कचेरीची बैठक संगणकावर चाललेली, मुलगी अभ्यासाला बसलेली, आणि पावसानंतर गार हवा यावी म्हणून खिडक्या उघड्या. पाच मिनिटांत दिव्यांखाली पाखरांचे खांब उभे राहिले. मुलगी किंचाळली. मी झुरळांच्या औषधाचा फवारा घेऊन धावलो, तो सगळा संगणकावर आणि ताटातल्या पोळ्यांवर उडाला. आई आतून आली आणि म्हणाली, "दिवे मालवा."

दिवे मालवणे हे त्या घरात किती अवघड आहे ते तेव्हा कळले. खोल्यांतले दिवे बंद केले, तरी इंटरनेटच्या डबीवर चार हिरवे ठिपके लुकलुकत होते. शीतकपाटाच्या दारावर आकडे होते. बायको बैठक सोडू शकत नव्हती. तिच्या पडद्यावर नऊ चेहरे उजळले होते आणि त्या चेहऱ्यांवरून पाखरे चालत होती. हे सगळे झाकले, तरी कुंपणाच्या खांबावरचा प्रखर झोत पडद्यातून आत येतच होता. तो रात्रभर जळतो. आई थोडा वेळ अंधार होण्याची वाट पाहत उभी राहिली. मग तिने आपला कंदील शोधला, आणि तो ठेवण्यासाठी परडे नाही हे लक्षात येऊन पुन्हा पेटीत ठेवला.

पुढे आम्ही शिकलो. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. दाराच्या फटीखाली ओले फडके लावले. पाऊस पडला की घर अंधारे करायचे आणि बाल्कनीतला एक पिवळा दिवा तेवढा परातीवर लावायचा, असा नेम बसला. पाखरे पांढऱ्या-निळ्या उजेडाकडे अधिक झेपावतात, पिवळ्याकडे कमी. पण सगळीकडे अंधार असेल तर पिवळाही पुरतो. औषधाच्या फवाऱ्याची काही गरज नसते. बाहेरून आलेले पाखरू घरातल्या फरशीवर पंख टाकून, ओली माती शोधत शोधत सकाळपर्यंत मरून जाते. त्याने लाकूड खाण्याचा प्रश्नच येत नाही. कुंपणावरचा झोत पावसाच्या संध्याकाळी तासभर बंद ठेवावा, अशी विनंती मी सोसायटीच्या कार्यकारिणीकडे लेखी केली. सुरक्षेचे कारण सांगून ती नाकारण्यात आली. सकाळी त्या खांबाखाली घोटा बुडेल एवढे पंख साचतात आणि सगळी जमीन फरसबंद असल्यामुळे त्यांतल्या एकालाही भेग सापडलेली नसते.

घरकामाला येणाऱ्या बाई रायचूर भागातल्या. पहिल्या वर्षी परातीतली पाखरे मी ओतून देणार, तर त्यांनी हात धरला. कानडीत यांना ईसलु म्हणतात, तमिळातही ईसल. बाईंनी ती पदरात गाळून घेतली, पंख पाखडले आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून, मीठ-तिखट लावून, चिरमुऱ्यांत मिसळून डब्यात आणली. माझ्या बायकोने तोंड फिरवले. आईने खाल्ली नाहीत, पण डबा हातात घेऊन वास घेतला आणि दोघी बराच वेळ कानडीत बोलत बसल्या. आईच्या माहेरी शेतावरची माणसे वारुळाशी मडके लावून पाखरे धरीत, असे मला त्या दिवशी प्रथमच कळले. ही युक्ती फार जुनी आहे. लिनियसचा शिष्य योहान कोएनिग तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. भोवतालचा मुलूख तेव्हा तंजावरच्या भोसल्यांचा. दक्षिणेतल्या वाळवीवर त्याने १७७९ साली निबंध लिहिला. वारुळाला वाऱ्याच्या बाजूने एक भोक पाडून धूर करायचा, दुसऱ्या बाजूच्या भोकाशी आतून सुवासिक पाला चोळलेले मडके धरायचे आणि मिळालेली पाखरे पिठात मिसळून खायची, असे वर्णन त्यात आहे. युरोपच्या विद्वानांना पंखवाल्या वाळवीची ओळख अशी अन्न म्हणूनही झाली, हे मला आवडते. त्यानंतर दीडशे वर्षांनी मेटरलिंकने वाळवीवर पुस्तक लिहिले. ते दक्षिण आफ्रिकेतल्या मरे नावाच्या लेखकाच्या लेखांवरून उचलले, असा गंभीर आरोप त्याच्यावर झाला. नोबेल मिळालेल्या माणसाने आयत्या बिळात शिरावे, हा विषयाचाच गुण म्हणायचा.

आता जे सांगायचे आहे त्याकडे येतो. शहापूरचे घर मी २०२१ च्या सुरुवातीला विकले आणि आईला सांगितले नाही. कारणे होती. बेळ्ळंदूरच्या घराचे हप्ते होते, माझी नोकरी त्या वर्षी डळमळीत झाली होती आणि पाचशे किलोमीटरवरचे मातीचे घर दर पावसाळ्यात पैसा मागत होते. वडिलांनी ते माझ्या नावे करून ठेवले होते, त्यामुळे आईच्या सहीची गरज पडली नाही. पडली असती तर बरे झाले असते. एका कामाचे निमित्त करून बेळगावला गेलो, कागद केले आणि तिच्यासाठी कुंदा घेऊन परत आलो. तिने तो सगळ्यांना वाटला.

त्यानंतर दर वर्षी चैत्र सरला की ती विचारी, "यंदा शाकारणी झाली काय रे?" पावसाआधी कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवावी लागतात. मी म्हणत असे, "सांगितलंय माणसाला." तीन वर्षे हे एक वाक्य मी वापरले. त्यात खोटे असे एकच अक्षर शोधून काढणे कठीण आहे. माणूस कोणता, काय सांगितले, हे मी बोलतच नव्हतो. ती पुढे विचारीत नसे. किल्ली पदरातून काढून दिवाळीला चिंचेने घासत असे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूत पाऊस पडलाच नाही. त्या उन्हाळ्यात शहराचे पाणी आटले; आमच्याकडे टँकरची वाट पाहण्यात दिवस जात, हजार-बाराशे फूट खोल कूपनलिका कोरड्या पडल्याच्या गोष्टी रोज ऐकू येत. मला वराहमिहिराची वारुळे आठवत, पण दाखवायला वारूळ कुठे होते? मेच्या सुरुवातीला एका दुपारी अखेर आभाळ भरून आले आणि पाऊस आला. बायको कचेरीत होती. आई, मुलगी आणि मी घरात. सातला आईने हाक दिली. मुलगी आता चौदा वर्षांची. तिने न सांगता इंटरनेटची डबी काढली, आपला फोन पालथा ठेवला. बाल्कनीत परात लावली. आम्ही आईच्या खोलीत बसलो, कारण कुंपणावरचा झोत तिथे सर्वांत कमी येतो.

बाहेरची सळसळ वाढली आणि ओसरू लागली. पण खोलीतली थांबेना. जाळ्या बंद, दारे बंद, दिवे बंद, तरी गालाला काहीतरी घासून जात होते. मुलीने विजेरी लावून क्षणभर फिरवली. दाराच्या चौकटीच्या पायाशी, जिथे लाकूड फरशीला मिळते तिथे, एक बारीक फट होती आणि तिच्यातून पाखरे एकामागोमाग एक वर येत होती. घाई नव्हती. लग्नाच्या मांडवातून माणसे बाहेर पडावीत तशी ती येत होती.

आई म्हणाली, "ही बाहेरची नव्हेत. ही घरातली."

बाहेरून येणारे पाखरू पाहुणे. पण घरातून पाखरे निघाली तर त्याचा अर्थ वेगळा असतो. नवे वारूळ पाखरे धाडण्याजोगे व्हायला काही वर्षे जावी लागतात. म्हणजे चौकटीखाली, भिंतीच्या पायात, हा संसार आम्ही सोफे बदलत होतो, रंग काढत होतो तेव्हापासून चालू असणार. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर पाण्याखाली गेले, बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरून माणसे ट्रॅक्टरवर बसून कचेरीला गेली, तेव्हा आमच्या दारातही पाणी आले होते. आईने तेव्हा आपली पेटी चार विटांवर चढवून घेतली होती. मी अंधारातच हात पुढे करून पेटीच्या मागे चाचपले. विटेवरून वर चढत गेलेली खरबरीत मातीची नळी बोटांना लागली. बोटाच्या दाबाने ती फुटली.

"पेटी उघडू काय?" मी विचारले.

"आता नको. दिवा लावावा लागंल. जाऊ दे त्यांना."

मुलीने खिडकीची जाळी सरकवून दिली आणि पाखरांना बाहेरचा उजेड दिसल्याबरोबर ती तिकडे वळली. आम्ही बसून राहिलो. मग आईने विचारले, "यंदा शाकारणी झाली काय रे?"

मी वाक्य उच्चारायला तोंड उघडले आणि ते आले नाही. म्हणालो, "आई, घर विकलं."

सळसळ चालू होती. मुलगी हलली नाही. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "तीन सालं घरपट्टीची पावती नाही आली."

घरपट्टीच्या पावत्या ती पेटीत, वर्षांच्या क्रमाने, सुतळीत बांधून ठेवते हे मला माहीत होते. पण ते मला सुचले नव्हते. ती तीन वर्षे मला विचारत होती, आणि मी समजत होतो की ती घराबद्दल विचारते आहे.

"कुणी घेतलं?"

"एक मास्तर आहेत. धारवाडकडचे."

"मुलंबाळं?"

"दोन मुली."

"मग बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "त्यांना सांग की, परड्यातलं वारूळ मोडू नका म्हणावं. पंचमीला बायका येतात. आणि वळीव झाला की दिवे मालवा म्हणावं, त्या घरात फार येतात."

दिवा तिनेच लावायला सांगितला. उजेडात तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, निदान मला तसा दिसला.

सकाळी पेटी उघडली. खालचा तळ पोखरला होता. वडिलांच्या दुकानाच्या दोन वह्या होत्या, त्यांच्या पुठ्ठ्यांच्या आत ओल्या मातीशिवाय काही उरले नव्हते. हात लावताच त्या दबल्या. पावत्यांचा गठ्ठा खालून वर खाल्लेला होता. जुन्या सालांच्या पावत्या गेल्या होत्या, वरच्या पाच-सहा शाबूत होत्या आणि सर्वांत वर २०२०-२१ ची. आईने ती बघितली आणि किल्लीसह माझ्या हातात दिली. किल्लीचा आता काही उपयोग नाही, त्यांनी कुलूप बदलले असणार, असे मी म्हणालो नाही. वाळवीच्या औषधवाल्याला दूरध्वनी केला. भिंतीच्या कडेने फूटभर अंतरावर भोके पाडून त्यांत औषध सोडावे लागेल, चौकट बदलावी लागेल, असे त्याने सांगितले. मग शहापूरला लावला.

मास्तर सज्जन आहेत. त्यांनी आईची प्रकृती विचारली. वारुळाचे सांगितल्यावर ते जरा अडखळले. ते वारूळ काढावे लागले, ते म्हणाले. मोटार उभी करायला परड्यात जागा केली, शेवगाही गेला. पुजाऱ्याकडून विधी करवून मगच काढले, असे त्यांनी दोनदा सांगितले.

आई खोलीतले पंख झाडत होती. पंख झाडणे सोपे नसते. झाडूच्या वाऱ्यानेच ते पुढे उडतात. तिने झाडू पाण्यात बुडवून घेतला होता आणि चौकटीपासून खिडकीपर्यंत, एकेक फरशी करत, ती पाठ वाकवून पुढे सरकत होती.

"काय म्हणाले?"

"मोडलं म्हणाले. मोटारीला जागा केली."

तिचा झाडू थांबला.

"वळवाच्या आधी मोडलं की वळीव झाल्यावर?"

"ते विचारलं नाही."

"विचार की."

मी पुन्हा फोन लावला.